पूलचं पाणी ताकासारखं झालंय, ९ दिवस झाले, काय करू?

आंगण_मांद्रे

नमस्कार मंडळी. मांद्रेला आमचं जुनं घर आहे, मागच्या बागेत माडांच्या मधे जागा काढून छोटा पूल बांधलाय, ८ मीटर बाय ४ मीटर, एका टोकाला १ मीटर खोल आणि दुसऱ्या टोकाला दीड. तीन खोल्या पाहुण्यांना देतो. मिस्टर बोटीवर असतात त्यामुळे हे सगळं माझ्याच गळ्यात.

झालं असं की पूल बघायला जो मुलगा यायचा तो चवथीला गावाला गेला तो गेलाच, फोन उचलत नाही. पावसात कोणी बघितलं नाही, पाणी हिरवं झालं. मग मी घरात होती ती टीसीसीएची (पूलच्या क्लोरीनची) पावडर किलोभर टाकली, हिरवं गेलं पण राखाडी झालं. हार्डवेअरवाला म्हणाला ब्लीचिंग पावडर टाका, त्याची ३ किलो टाकली, थेट पाण्यात, आणि तेव्हापासून जे पांढरं झालंय ते आजतागायत. दुसरी पायरी दिसत नाही. आजी घागरीत तुरटी फिरवायची ते आठवलं म्हणून तुरटीचा खडा फडक्यात बांधून मी स्वतः पायरीवर बसून अर्धा तास फिरवला, शेजारीण कुंपणावरून बघून हसत होती. काही उपयोग नाही.

टेस्ट किट आहे, थेंब आणि गोळीवाला. क्लोरीनची गोळी टाकली की क्षणभर गुलाबी होतं आणि लगेच पांढरं, म्हणजे क्लोरीन टिकतच नाहीये असं समजून मी रोज थोडं थोडं टाकतेच आहे. पीएच ८च्या वर दाखवतो. पंप रोज ४ तास चालवते, बिल काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. वर आणि पाणी रोज बोट दीड बोट खाली जातं, ऊन कडक आहे म्हणून असेल.

दिवाळीनंतरची पहिली बुकिंग १२ दिवसांवर आलीय. पूल रिकामाच करून नवीन भरू का सरळ? कोणीतरी सांगा.

सांखळीवाला

ताई घाबरू नका. आमच्या भावाच्या फार्महाऊसवर असंच झालं होतं, ब्लीचिंग अजून ५ किलो मारलं आणि पंप दोन दिवस बंदच केला नाही, काच झाली काच. आणि फिल्टरमधली वाळू जुनी झाली असेल, ती बदला, त्यात काय, मांद्रेला वाळूच वाळू आहे, चार बादल्या आणल्या की झालं. रिकामा करून भरलात तरी चालेल, आत्ता विहिरी भरलेल्या आहेत, पाणी फुकट.

पंप_आणि_पाना

सांखळीवाले बाब, राग मानू नका पण तुमचे तिन्ही सल्ले ताईंनी ऐकले तर दिवाळीनंतर पाहुणे नाही, गवंडी येतील.

मी फोंड्याचा, १४ वर्षं हॉटेलांच्या पंपरूममधे गेली. आधी जे करायचं नाही ते सांगतो.

पूल पूर्ण रिकामा करायचा नाही. तुम्हीच म्हणताय विहिरी भरलेल्या आहेत, म्हणजे जमिनीखालचं पाणी वर आलेलं आहे. आतलं पाणी काढलंत की खालून ते पाणी पूलच्या तळाला वर ढकलतं, आतून वजन नाही, टाइल्स फुगतात, तळाला चीर जाते, आणि हलका पूल असेल तर अख्खा वर उचलला जातो. पावसानंतरचे एक दोन महिने किनारपट्टीत हा धोका सगळ्यात जास्त. फार तर निम्मं पाणी काढा, तेही गरज पडली तर.

किनाऱ्यावरची वाळू फिल्टरमधे घालायची नाही. एक तर ती तिथून आणणंच बेकायदेशीर, आणि दुसरं म्हणजे त्यात शिंपल्यांचा चुरा असतो, मीठ असतं, बारीक मोठं सगळं मिसळलेलं असतं. फिल्टरला अर्धा ते एक मिलिमीटरची, चाळलेली, धुतलेली सिलिका सँड लागते. बारीक रेती खालच्या पायपांच्या फटींतून निघून पूलमधे येते.

आणि ब्लीचिंग अजून नाही. ३ किलो तुम्ही थेट टाकलीत ना, ती साधी ब्लीचिंग पावडर म्हणजे क्लोरीन जेमतेम तिसरा हिस्सा आणि बाकी बराचसा चुना. तो विरघळत नाही. टाकायचीच तर बादलीत कालवून, रात्रभर खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी तेवढं पूलमधे. तुमचं जे पांढरं दिसतंय त्यातला मोठा भाग हा चुना असणार. पीएच ८च्या वर गेलाय म्हणजे पाण्यात आधीचं जे कॅल्शियम आहे तेही बाहेर पडायला लागतं.

खात्री करायची तर काचेच्या ग्लासात पूलचं पाणी घ्या, त्यात पांढरं व्हिनेगर चमचाभर घाला. निवळलं तर चुना. नाही निवळलं तर मेलेलं शेवाळ किंवा माती. माडाचं व्हिनेगर नको, त्याचा स्वतःचाच रंग असतो, ते सोर्पोतेलाला ठेवा.

आता तुमची टेस्ट. क्षणभर गुलाबी होऊन पांढरं झालं याचा अर्थ क्लोरीन नाही असा नाही, उलटा आहे. क्लोरीन इतकं जास्त आहे की ते गोळीचा रंगच खाऊन टाकतंय. एक भाग पूलचं पाणी आणि चार भाग बिसलेरी असं करून परत टेस्ट करा, जो आकडा येईल त्याला ५ ने गुणा. मला वाटतं तुम्ही हादराल. तोपर्यंत एक चमचासुद्धा काही टाकू नका आणि कोणाला पाण्यात उतरू देऊ नका. क्लोरीन सोडा, तळ दिसत नाही तेवढंच कारण पुरे आहे, पोरगं खाली गेलं तर वरून कळणारच नाही.

मला हे कळवा: १) फिल्टर केवढा, वर हँडल आहे का ६ पोझिशनवालं, २) प्रेशर गेजचा काटा किती दाखवतो आणि बॅकवॉश (उलटं पाणी सोडून वाळू धुणं) केल्यावर किती, ३) पंप चालू असताना ज्या नोझलमधून पाणी पूलमधे परत येतं तिथलं पाणी बाटलीत भरून पूलच्या पाण्याशेजारी ठेवून बघा, फरक दिसतो का.

बागा_केअरटेकर

मधेच बोलतो कारण हे कोणी बोललं नाही अजून. टीसीसीए आणि ब्लीचिंग दोन्ही घरात आहेत म्हणताय ना, ते शेजारी शेजारी ठेवू नका आणि एकच डबा, एकच चमचा दोन्हीला वापरू नका. मी एकदा ब्लीचिंगच्या बादलीत उरलेली टीसीसीए ओतली, ओली होती बादली थोडी. आधी फस्स आवाज, मग पिवळट धूर, आणि बादली हातात धरवेना इतकी गरम. टाकून पळालो, दोन दिवस खोकत होतो. नंतर कळलं की ह्यात पेटसुद्धा घेतं, स्फोट होतो. ॲसिडचा कॅन पण तिथेच ठेवतात लोक, तो तर वेगळ्या खोलीतच पाहिजे. हसू नका, बहुतेक पंपरूम मी बघितलीयत तिथे हे तिन्ही एकाच फळीवर असतात आणि वर देवाचा फोटो.

आंगण_मांद्रे

बाप रे. आमच्याकडे एकाच फळीवर आहेत आणि वर फोटोपण आहे. आत्ताच जाऊन वेगळे करून आले.

पंप_आणि_पाना दादा, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. व्हिनेगरने ग्लास निम्मा निवळला, म्हणजे खाली जरा स्वच्छ झाला पण धुरकट राहिलाच. बिसलेरीवाली टेस्ट केली, ४ आला, गुणिले ५ म्हणजे २०! आणि मी रोज टाकत होते.

फिल्टर पिवळ्या रंगाचा, गोल, माझ्या कमरेच्या वर येतो, प्लेटवर ५०० लिहिलंय. हँडल आहे. गेजचा काटा ०.८ वर आहे. बॅकवॉश केला तेव्हापण ०.८, आज सकाळीपण ०.८. नोझलचं पाणी आणि पूलचं पाणी दोन बाटल्या खिडकीत ठेवल्या, मला तरी दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतायत, काकूंना विचारलं त्या म्हणाल्या डाव्या बाटलीतलं जास्त पांढरं, डावी नोझलची होती :(

काकू म्हणजे आमच्याकडे कामाला येतात त्या. गेज बघायला गेलो तेव्हा त्यांनी पंपरूमच्या मागून अळू कापून आणलं, फदफदं करायचं होतं. बाकी परसातलं अळू पाऊस गेल्यावर मान टाकायला लागलंय आणि तिथलं मात्र कमरेएवढं, पानं सुपाएवढी. असो, विषयांतर झालं.

पंप_आणि_पाना

विषयांतर नाही ताई. तुम्ही आत्ता जे लिहिलंत त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

पंपरूमच्या मागे काय आहे, बॅकवॉशचं पाणी जाणारा पाइप तिथे सुटतो का? पंप चालू करा, हँडल फिल्टरवर आहे ते बघा, आणि मागे जाऊन त्या पायपाच्या तोंडाखाली हात धरा. फिल्टरवर असताना तिथून एक थेंब यायला नको.

आंगण_मांद्रे

दादा, धार येतेय. करंगळीएवढी, सतत. खाली डबकं, त्यात बेडूक.

पंप_आणि_पाना

सापडलं.

पाणी रोज बोट दीड बोट जातं ते उन्हाने नाही. ८ गुणिले ४ म्हणजे ३२ चौरस मीटर, म्हणजे एक सेंटीमीटर पाणी उतरलं की ३२० लिटर गेले. आपल्याकडे ह्या दिवसांत उन्हाने साधारण अर्धा सेंटीमीटर जातं रोज. उरलेलं तुमच्या अळवाने प्यायलं.

हँडलच्या खाली, व्हॉल्वच्या आत, चाकाच्या आऱ्यांसारखं एक रबर असतं, त्याला स्पायडर गॅस्केट म्हणतात. ते ६ वाटा एकमेकांपासून वेगळ्या ठेवतं. ते फाटलं, दुमडलं किंवा खोबणीतून उठलं की पंपातून आलेलं पाणी वाळूत न जाताच थोडं वेस्टला, म्हणजे बाहेर सोडायच्या पायपाला, आणि थोडं थेट पूलमधे परत जातं. म्हणजे तुमचा पंप ४ तास काय २४ तास चालला असता तरी तेच पाणी गोल गोल फिरलं असतं. म्हणून बाटल्या सारख्या. आणि म्हणून काटा ढिम्म. घाण पाणी वाळूतून जात असेल तर वाळू भरत जाते आणि काटा चढतो, चढायलाच पाहिजे. स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा अर्ध्या पाऊण किलोने चढला की बॅकवॉश करायची वेळ झाली. असल्या ताकात ९ दिवसांत काटा हलला नाही हेच मला खटकलं होतं. फक्त एक बघा, पंप बंद केल्यावर काटा शून्यावर येतो ना? येत नसेल तर गेजच मेलेला.

हे रबर का जातं माहितीय? पंप चालू असताना हँडल फिरवतात. १०० पैकी ९० वेळा हेच. तो मुलगा तसंच करायचा का, आठवून बघा.

आंगण_मांद्रे

काटा शून्यावर येतो. आणि हो, मुलगा तसंच करायचा, खटाखट फिरवायचा, मला वाटायचं काय सराईत आहे. आणि तो गेल्यावर मी त्याचं बघून तसंच करत होते 🙈

सांखळीवाला

मी पण तसंच करतो 😬 भावाला आत्ताच फोन लावला.

पण दादा, रबर बदललं तरी पूलमधलं पांढरं आहेच की, ते फिल्टर काढेल?

जुना_पाणीवाला

याचं उत्तर मी देतो. माझं आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलं. पावसात नदीचं पाणी लाल मातीचं यायचं, चहासारखं, आणि ते पिण्यालायक करून सोडायचं हे रोजचं काम. तिथे आमच्या वाळूच्या फिल्टरमधून पाणी तासाला ५ ते ६ मीटर इतक्या सावकाश उतरवतात. पूलच्या फिल्टरमधून ते तासाला ३० ते ५० मीटर वेगाने दाबून नेतात. त्यामुळे पूलची वाळू साधारण २० ते ४० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण सहसा धरत नाही. चुन्याचा आणि मेलेल्या शेवाळाचा धुरळा त्याहून बारीक असतो. तो एकतर दिवसेंदिवस फिरत राहतो, नाहीतर त्याचे गोळे करून खाली बसवावे लागतात. गोळे करण्यासाठीच तुरटी.

बाय, तुमच्या आजीची पद्धत घागरीला बरोबर होती. तुमचा पूल ४०,००० लिटरचा आहे, म्हणजे दोन हजार घागरी. खडा फिरवून कुठे पुरणार. आणि पीएच ८च्या वर असताना तुरटी नीट काम करत नाही, उलट ॲल्युमिनियम पाण्यात विरघळून राहतं आणि पुढे पीएच उतरला की तेच परत गढूळपणा आणतं. आधी पीएच ७.२ च्या आसपास आणा.

किती टाकायची ते अंदाजाने नको. १० ग्रॅम तुरटी कुटून १ लिटर पाण्यात विरघळवा. तीन बादल्या घ्या, प्रत्येकीत २० लिटर पूलचं पाणी. पहिलीत २० मिली, दुसरीत ४०, तिसरीत ६० मिली हे द्रावण घाला. एक मिनिट जोरात ढवळा, नंतर दहा मिनिटं हळूहळू, अगदी खिरीत चमचा फिरवतो तसं, आणि अर्धा तास हात लावू नका. ज्या बादलीत कापसासारखे कण दिसून खाली बसतील आणि वर निवळ राहील त्यातली कमीत कमी मात्रा तुमची. ४० मिलीची बादली जिंकली तर लिटरला २० मिलिग्रॅम झाले, म्हणजे अख्ख्या पूलला ८०० ग्रॅम. तिन्हीत काहीच झालं नाही तर पाण्यात अल्कलिनिटी (आम्ल पचवायची ताकद) नाही. आपल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी मऊ असतं आणि किंचित आंबट, ही अडचण नेहमीची. खायचा सोडा घालून ती वाढवता येते, १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) वाढवायला तुमच्या पूलला पाऊणएक किलोच्या आत लागेल. मात्र ब्लीचिंग एवढं पडलंय तर तुमच्याकडे बहुधा गरज पडणार नाही.

पंप_आणि_पाना

काकांनी बादल्यांचं सांगितलं ते सोनं आहे, मी स्वतः इतक्या वर्षांत अंदाजपंचे टाकत आलो.

ताई, आता क्रम लावून देतो, हा चुकवू नका.

पहिलं गॅस्केट. पंपाचा मेन स्विच बंद, नुसतं बटण नाही, कारण टायमर असेल तर मधेच चालू होईल. पूलची लेव्हल फिल्टरपेक्षा वर असेल तर दोन्ही पायपांचे व्हॉल्व बंद करा नाहीतर खोललं की पाणी अंगावर. झाकण आणि खालचा भाग यांवर मार्करने एक सरळ रेघ मारा, परत बसवताना तीच जुळवायची. स्क्रू काढा, हँडल उचला, आत स्प्रिंग आहे ती उडेल, लक्ष ठेवा. जुनं रबर काढून खोबणी खरवडून कोरडी करा, एक खडा राहिला तरी परत गळणार. रबर त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलचं घ्या, फोटो घेऊन जा दुकानात. बाहेरच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नाही, त्याने काही रबरं फुगतात. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, एका बाजूने आवळत गेलात तर प्लास्टिकला चीर.

हे काम काढलंच आहे तर टाकीही उघडून बॅटरी मारून आत वाळू बघा. वरचा थर कडक पापडीसारखा झाला असेल, किंवा मधे खळगे पडले असतील तर पाणी त्या खळग्यातून पळतं. पापडी हाताने फोडा, चिखलाचे गोळे दिसले तर काढा. हाताला वाळू तेलकट, गुळगुळीत लागली तर बदलायची वेळ आली, साधारण ५ ते ७ वर्षांत येतेच. तेव्हा फिल्टरमधे आधी निम्म्यापर्यंत पाणी भरायचं, मधल्या पायपाच्या तोंडाला पिशवी बांधायची आणि मग वाळू सोडायची. कोरड्या टाकीत वरून पोतं ओतलं की तळाशी जे दांडे असतात ते मोडतात, आणि मग जन्मभर पूलच्या तळाशी वाळूच्या रांगोळ्या.

त्यानंतर पीएच. ॲसिड अर्धा लिटर, आधी बादलीभर पाणी घेऊन त्यात ॲसिड, उलटं कधीच नाही, आणि वाऱ्याला पाठ करून. खोल बाजूला कडेकडेने सोडा, चार तास पंप, परत मोजा. लागलं तर परत अर्धा. चुन्याचा बराच भाग इथेच विरघळेल.

मग काकांच्या मापाने तुरटी पाण्यात विरघळवून सगळीकडे पसरवा. हँडल रीसर्क्युलेटवर (पाणी वाळूत न जाता नुसतं फिरतं), फिल्टरवर नाही, नाहीतर सगळी तुरटी वाळूत जाऊन बसेल. दोन तास फिरवा आणि पंप बंद करून रात्रभर झोपा. सकाळी तळाला पांढरी गोधडी पसरलेली दिसेल. तिला धक्का न लावता, ब्रश अगदी सावकाश ओढत, व्हॅक्युम वेस्टवर. घाई केलीत तर गोधडी परत उठते आणि पहिल्यापासून सुरू. ह्यात पाणी एक फूटभर जाईल, ते भरून घ्या. हे पाणी विहिरीच्या बाजूला सोडू नका, शेजारच्या शेतातही नको, २० क्लोरीन आहे त्यात.

मग हँडल फिल्टरवर आणि २४ तास पंप, निवळेपर्यंत. बिलाचं कळतं, पण एरवी पाऊण एचपीचा पंप रोज ८ तास चालवला तरी ६ युनिटच्या आसपास. ४ तासांत तुमचं सगळं पाणी एकदासुद्धा धड फिल्टरमधून जात नसेल. ५०० च्या (मिलिमीटर व्यासाच्या) फिल्टरला तासाला ८ ते १० हजार लिटर तेव्हा जातात जेव्हा सगळं नवं असतं.

बॅकवॉश असा: पंप बंद, हँडल दाबून बॅकवॉश, पंप चालू, काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, दोन तीन मिनिटं. पंप बंद. रिन्सवर (वाळूत उरलेली घाण बाहेर सोडायला), पंप चालू, अर्धा मिनिट. पंप बंद. फिल्टर. रिन्स सगळे गाळतात आणि मग पंप चालू केल्यावर नोझलमधून घाणीची एक पिचकारी येते, ते पाहून म्हणतात फिल्टर खराब. आणि रोज रोज बॅकवॉशही नको, किंचित मळलेली वाळू कोऱ्या वाळूपेक्षा बारीक कण जास्त धरते. काटा सांगेल तेव्हाच.

राहिली टीसीसीए. वर्षभर तीच वापरता का?

आंगण_मांद्रे

हो, तीच. रोज अंदाजे १०० ग्रॅम. त्याने काही होतं का?

पंप_आणि_पाना

तिच्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड असतं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं म्हणून थोडं हवंच, ३० ते ५० पीपीएम. पण क्लोरीन उडून जातं आणि हे मागे राहतं. १०० ग्रॅममधे ते ५५ ग्रॅम, तुमच्या पूलमधे रोज जवळजवळ १.४ पीपीएम, म्हणजे महिन्याला ४० च्या पुढे. पावसात पूल भरून वाहतो म्हणून धुऊन जातं, ते आपलं नशीब, पण नोव्हेंबर ते मे कोण धुणार? १०० च्या वर गेलं की किट क्लोरीन दाखवतं आणि शेवाळ तरी वाढतं, कारण क्लोरीन बांधलेलं असतं. ह्याला दुसरी पावडर नाही, पाणीच बदलावं लागतं. वेगळं किट येतं त्याचं, मोजा. सीझनमधे अधूनमधून टीसीसीएऐवजी लिक्विड क्लोरीन वापरा, सोडियम हायपोक्लोराइट, १० टक्क्यांचं असेल तर ४०० मिलीने तुमच्या पूलला १ पीपीएम वाढतं. फक्त कॅन ताजा घ्या आणि सावलीत ठेवा, उन्हात दुकानाबाहेर रचलेले असतात त्यात पाणीच उरलेलं असतं. संध्याकाळी टाका.

आंगण_मांद्रे

मंडळी, ६ दिवसांनी लिहितेय, आधी वेळच झाला नाही.

गॅस्केट म्हापशाला मिळालं, तिसऱ्या दुकानात. खोललं तेव्हा जुन्याचे दोन आरे खोबणीतून उठून दुमडून बसले होते, मेथीच्या वाळक्या काडीसारखे. स्प्रिंग उडालीच, दादांनी सांगूनसुद्धा, काकूंच्या पदरात पडली म्हणून वाचली. वाळूवर पापडी होती, दोन बोटं जाड, ती फोडली. वाळू मात्र अजून खरखरीत आहे, ह्या वर्षी चालवते.

ॲसिड दोनदा लागलं. तीन बादल्या ओट्यावर मांडल्या तर शेजारीण परत कुंपणावर, म्हणाली आता काय जादूटोणा. ४० मिलीची जिंकली काका, अगदी दह्याची कवडी फुटल्यासारखे कण होऊन खाली बसले. रात्री ८०० ग्रॅम टाकली, सकाळी साडेसहाला गेले तर तळाच्या टाइल्सवरचा मासा दिसला, इतक्या दिवसांनी. वर धुळीची गोधडी, तुम्ही म्हणालात तशीच. व्हॅक्युम करायला मला तीन तास लागले, पहिल्या वेळी घाई केली आणि अर्धी गोधडी उठली म्हणून परत रात्रभर थांबले.

आज क्लोरीन ३ वर आलं, पीएच ७.४. काटा ०.७ वरून सुरू झाला होता तो काल १.१ झाला, मी इतकी खूश झाले, काटा चढला म्हणून खूश होणारी मी पहिलीच असेन. सायन्युरिक ९० आलंय. निम्मं पाणी काढायचं ते एकदम काढू की दोनदा?

मागची धार पूर्ण बंद. काकू दोन दिवस तोंड फुगवून आहेत, अळू झोपलं.

पंप_आणि_पाना

दोनदा काढा ताई, एकेक फूट, मधे भरून घ्या. दोनदा केल्याने थोडं पाणी जास्त जाईल पण तळाला त्रास नाही. आणि १.१ झालाय तर अजून एक दोन दिवस चालवा, १.३ च्या आसपास बॅकवॉश.

हँडल फिरवताना पंप बंद. दारावर लिहून ठेवा, पुढचा मुलगा येईल त्यालापण वाचता येईल असं, मोठ्या अक्षरात.

बागा_केअरटेकर

आणि ते क्लोरीनच्या पाण्यावर वाढलेलं अळू खाल्लं ना सगळ्यांनी? खाजलं नाही?

आंगण_मांद्रे

नाही हो, चिंच घातली होती भरपूर.